ओल्या चिकूचं तोरण

आमच्या घोलवडच्या वाडीत चिकूची झाडं कुणी वाजवून बघत नाही. नारळ वाजवतात, कलिंगड वाजवतात. म्हणून त्या नवरात्रात दादा एकेका झाडाशी थांबून सुरीच्या मुठीने फांद्यांवर टकटक करायला लागला, तेव्हा मी पडवीत तांदूळ निवडत बसले आणि त्याच्यावर नजर ठेवली. वाडी विकत घ्यायला आलेला माणूस असाच फिरतो. थांबतो, वर बघतो, मनात काहीतरी मांडतो.

"काय ठोकतोयस?" मी विचारलं.

"सुकी फांदी शोधतोय. सुकी वेगळी वाजते."

"आणि ओली?"

"ओली गप्प बसते. तुझ्यासारखी."

मी हसले नाही. मला ते कारण रचलेलं वाटलं.

दादा माझा थोरला भाऊ. वापीला कंपनीत होता. निवृत्त झाल्यावर, दोन हजार सोळापासून, दर वर्षी दसऱ्याच्या सुमारास घरी यायला लागला. भाऊबीज झाली की परत. मी लग्न मोडून तरुणपणीच माहेरी आलेली. आईवडिलांमागे वाडी मीच सांभाळली. कागदावर ती दोघांची. त्याने आपला हिस्सा विकायचा म्हटलं तर घरच मधोमध येत होतं, आणि मला दुसरं घर नव्हतं. तिकडे वाढवणच्या बंदराची बोलणी, इकडे नव्या रेल्वेची मोजणी. अनोळखी माणसं गाडी थांबवून जमिनीची चौकशी करायची. अशा दिवसांत इतकी वर्षं न आलेला भाऊ यायला लागतो.

"घर आठवतं गो बाय," एवढंच तो म्हणायचा.

आणि बसायचा लाकूड कोरत. पहिली दोन वर्षं तलासरीच्या वखारीतून शिवणीच्या लाकडाचे तुकडे आणले. पोपट, मासे, चांदण्या, चिकूची पानं. गेरू आणि तांदळाच्या पिठाने रंगवायचा, मासेमारीच्या दोऱ्यात ओवायचा आणि दिवाळीला दारावर तोरण बांधायचा. खोटं कशाला बोलू, ते दिवस चांगले होते. पाऊस सरलेला, अंगण सारवलेलं, गच्चीवर चिकूच्या फोडी वाळत घातलेल्या. दुपारी ऊन भाजायचं आणि संध्याकाळी खाडीकडून वारा आला की आम्ही दोघं चहा घेऊन ओट्यावर बसायचो. नवीन भाताचे पोहे मी परतायचे, तो लाकूड तासायचा. मला बरं वाटायचं, आणि बरं वाटतंय म्हणूनच मी जास्त सावध व्हायचे.

तिसऱ्या वर्षी, म्हणजे त्या टकटकीच्या नवरात्रात, त्याने वाडीतलंच लाकूड घ्यायचं ठरवलं. झाडावरच वाळलेल्या फांद्या तोडून पडवीत रचल्या. त्याच आठवड्यात शेजारच्या काकी कढीपत्ता मागायला आल्या.

"तुझा दादा अच्छाडला दिसला," त्या म्हणाल्या. "हायवेवरच्या ढाब्यावर. सोबत एक माणूस होता, सफारी सूट घातलेला. बराच वेळ बसले होते. जेवण नव्हतं हां समोर, नुसता चहा."

"असेल कुणी ओळखीचा."

"असेल की. मी कुठे काय म्हणतेय?"

दादाने मला त्या माणसाबद्दल एक अक्षर सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर आलं असतं, आणि मला तेच नको होतं.

तो गेरू आणायला तलासरीला गेला, तेव्हा मी कोयता घेतला. जिवंत झाडाच्या, त्याच जाडीच्या फांद्या तोडल्या. पानं काढली. कापलेल्या टोकांतून चीक आला, त्यावर राख आणि माती चोळली. त्याच्या सुक्या फांद्या उचलून गोठ्यामागे टाकल्या आणि त्यांच्या जागी माझ्या ओल्या फांद्या पडवीत रचल्या. ओलं लाकूड ऑक्टोबरच्या उन्हात फुटतं. तोरण फुटेल, तो कंटाळेल, पुन्हा येणार नाही. एवढाच विचार होता. आता लिहिताना तो किती पोरकट वाटतो.

दुसऱ्या दिवशी तो साल काढायला बसला. थोड्या वेळाने हाक आली.

"बाय, जरा खोबरेल दे."

मी वाटी घेऊन गेले आणि उंबऱ्यातच थांबले. बोटं चिकाने चिकटली की आमच्याकडे लहान पोरही तेल मागतं. सुक्या फांदीला चीक नसतो. त्याला कळलं होतं. त्याने वाटी घेतली, बोटं चोळून पुसली आणि पुढची फांदी उचलली. माझ्या मनात आलं, हा हे जपून ठेवणार, हिस्सा मागताना काढणार.

पोपट सुंदर झाले होते. भाऊबीजेपर्यंत एकूण एक चोचीपासून शेपटीपर्यंत तडकले.

ओवाळून झाल्यावर मी म्हटलं, "यंदा पोपट फुटले."

"ओल्या लाकडाचे होते."

"माहीत होतं तर केलेस कशाला?"

"तू दिलंस म्हणून."

मग माझ्याने राहवलं नाही. "तू वाडी विकायला येतोस ना?"

त्याने पाटावरून उठून टोपी नीट केली. "पहिल्या वर्षी त्यासाठीच आलो होतो," तो म्हणाला. "अच्छाडला भेटला तोही दलालच." पुढे काही सांगेल म्हणून मी थांबले. त्याने पिशवी भरली आणि संध्याकाळच्या गाडीने गेला. म्हणजे माझा संशय अगदीच खोटा नव्हता. त्याचा मला आनंद व्हायला हवा होता.

दोन हजार एकोणीसच्या दसऱ्याला तो आला नाही. मी वाडीत गेले आणि सुरीच्या मुठीने फांद्यांवर टकटक केलं. बऱ्याच फांद्या मुक्या राहिल्या. मग एक वाजली. कोरडी, मोकळी. म्हणजे ते तरी त्याने खरं सांगितलं होतं.

मी फोन केला. "दादा, ओल्या फांद्या मीच ठेवल्या होत्या."

"माहीत आहे."

"तुझ्या सुक्या गोठ्यामागे आहेत. वाळवीने थोड्या खाल्ल्यात."

"कितपत?"

"येऊन बघ."

मग म्हणाला, "त्या दलालाला नाही म्हणून सांगितलंय गो. तेव्हाच, ढाब्यावर. तू विचारलंच नाहीस." आणि कोजागिरीनंतर यायचं बघतो म्हणाला.

हे खरं की मला बरं वाटावं म्हणून सांगितलेलं, ते मी अजून ठरवू शकलेले नाही. फांद्या मात्र झटकून पडवीत आणून रचल्या. सवयीने शेजारी खोबरेलाची वाटीही ठेवली. मग ती उचलून आत नेली. सुक्या लाकडाला ती लागत नाही.