एका ओळीतली सहा बटणं

मशीनच्या पॅनेलवर कुठलं बटण कुठे बसवायचं, हे ठरवण्यात माझी हयात गेली. कोल्हापूरच्या फौंड्र्यांमध्ये माझी पॅनेलं अजून चालतात. ती देखणी असतात असं लोक म्हणत आणि मला तेच ऐकायला हवं असायचं.

हातकणंगल्याकडच्या एका फौंड्रीत वाळू कालवणाऱ्या मिक्सरसाठी केलेलं पॅनेल त्यांत सगळ्यांत देखणं. त्यावर आधी मी तातडीने बंद करायचं बटण वेगळं बसवलं होतं. मुठीएवढं, लाल, भूछत्रासारखं बाहेर आलेलं, खाली पिवळी चकती. असं बटण न बघताही हाताला सापडतं, कोपरानेही दाबता येतं. पण लांबून पाहिलं तर चेहऱ्यावर गळू आल्यासारखं वाटलं. मी ते काढलं, भोक बुजवलं आणि ‘बंद’चं साधं बटण इतरांच्या ओळीत नेऊन बसवलं. एकाच मापाची, पत्र्याशी सपाट सहा बटणं. पाच हिरवी, एक लाल. रंग वेगळा आहे, तेवढं पुरे, असं मनाला सांगितलं. रंगच झाकला गेला तर काय, हा प्रश्न मला सुचला नव्हता असं मी नंतर सगळ्यांना सांगत आलो. सुचला होता.

त्या वर्षी खंडेनवमीला मालकांनी मला पूजेला बोलावलं. मशीन धुऊन झेंडूच्या माळा घातल्या होत्या. मिक्सर चालवणारा गडी कुंकवाची वाटी घेऊन पुढे आला.

“पावणं, पॅनेल तुमचं, पयलं बोट तुमचंच.”

त्याच्या बायकोचा भाऊ त्याच मिक्सरवर हाताखाली होता. तो हसून म्हणाला, “दाजी, सायबांनी हात आखडता घेतला तर पगार वाढायचा न्हाय बघा!”

सगळे हसले. मीही हसलो आणि एकेका बटणावर भरभरून कुंकू लावलं. तेलात कालवलेलं होतं, घट्ट बसलं. पूजेचं कुंकू आमच्याकडे कुणी पुसत नाही, ते आपणहून झडेपर्यंत राहू देतात.

दसऱ्याची सुट्टी संपून काम सुरू झालं. मेहुण्याने वाळू कशी झाली ते बघायला मिक्सरच्या दारातून हात घातला आणि बाही पात्यात अडकली. तो ओरडला. दाजी पॅनेलकडे वळला, तर समोर सहा लाल बटणं. एक दाबलं, पाणी सुटलं. दुसरं दाबलं, दार पुढे सरकलं. ‘बंद’ सापडेपर्यंत हात मनगटापासून गेला होता.

चौकशीला मलाही बोलावलं. मी म्हणालो, “पॅनेलमध्ये दोष नाही. कामगारांनी बटणं कुंकवाने माखून ठेवली होती.” दाजी समोरच उभा होता. त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मान खाली घातली. त्याचं काम गेलं. सासरवाडीने तोंड फिरवलं. त्याच्या बायकोला माहेरचं दार बंद झालं, ते कायमचं. कुणाच्या तरी बोलण्यातून मला हे कळत राहिलं आणि मी पुढची पॅनेलं करत राहिलो.

यंदा ती बाई वारल्याचं कळलं. माहेरचं कुणी मातीलाही आलं नाही म्हणे. तेव्हा मी गेलो.

दाजी आता म्हातारा झालाय, ऐकू कमी येतं. मी काढलेल्या बटणाबद्दल मोठ्याने, अगदी ओरडून सांगितलं. ते त्याला ठाऊक नव्हतं. त्याने बायकोच्या फोटोकडे पाहिलं.

“आणि कुंकू मी लावलं होतं,” मी म्हणालो.

“ते ठावं हाय की. मीच वाटी धरल्याली.”

“मग चौकशीत बोलला का नाहीस?”

“पूजंला बोलावलेल्या पावण्याचं नाव घ्यायचं व्हय?” मग आवाज चढवून म्हणाला, “पर तुम्ही का न्हाय बोलला? तवा बोलला असता तर हिला माहेर ऱ्हायलं असतं.”

त्यानेच मेहुण्याचा नंबर पुढे केला. “त्याला तरी सांगा. मी केला तर तो उचलत न्हाय.”

मेहुणा जयसिंगपूरला असतो. मी तिथूनच फोन लावला आणि सगळं सांगितलं. बटण, बुजवलेलं भोक, कुंकू, माझी खोटी साक्ष.

“झालं बोलून?” तो म्हणाला. “दाजींनी पाठवलंय व्हय तुम्हाला? बहीण गेल्यावर सुचलं? माझा हात कुणाच्या डोळ्यांदेखत गेला ते मला ठावं हाय. पुन्हा फोन करू नगासा.”

फोन बंद झाला. दाजीला यातलं काही ऐकू आलं नव्हतं. तो माझ्या तोंडाकडे बघत होता.

“काय म्हणाला?”

“सगळं ऐकून घेतलं त्याने,” मी म्हणालो.

तेवढं खरं होतं. दाजीने मान हलवली, डोळे पुसले आणि म्हणाला, “मग यील आता. बाराव्याला तरी यील.”

बारावा परवा झाला. मी मांडवात त्याच्या शेजारी बसून होतो. दुपार कलेपर्यंत तो रस्त्याकडेच बघत होता.