कुजबुजीची तपासणी

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. कोणी विषय काढला की मी सोयाबीनच्या भावावर घसरायचो. आता माझाही डावा कान अधूनमधून शिट्टी वाजवतो. ती वाजली की वाटतं, आपली पाळी जवळ आली. त्याआधी खरं काय ते मांडून ठेवतो.

मी आणि माझा दोस्त, आम्ही दोघे मेहकर तालुक्यातल्या एकाच गावचे. सोबत तोफखान्यात भरती झालो आणि पुढे एकाच तोफेवर आलो. मी तोफेचा प्रमुख. हुकूम द्यायचो, मागे बाजूला उभा राहायचो. तो गोळा भरायचा, तोफेच्या अगदी अंगाशी. कानात कापसाचे बोळे, तेही असले तर. सरावाच्या दिवसांत तो जेवायला बसला की मी शेजारून हाक मारली तरी मान वर करायचा नाही. आम्ही हसायचो.

दरवर्षी तब्येतीची तपासणी व्हायची. कानांसाठी तेव्हा यंत्र नव्हतं. जवानाला पाठमोरं उभं करायचं, बराकीच्या दुसऱ्या टोकाहून डॉक्टरांचा सहायक एकेक शब्द कुजबुजायचा, आणि जवानाने तो मोठ्याने परत म्हणायचा. नाही म्हणता आला तर दर्जा खाली, बढती बंद, मुदतीआधी घर. म्हणून आमच्यात एक रीत होती : आपल्या तोफेचा माणूस आपण पडू द्यायचा नाही. बाकीचे जवान, त्यांत मीही, त्याच्या समोर रांगेत असत. सहायकाची नजर कागदावर. मला कुजबुज नीट ऐकू यायची. मी आवाज न करता ओठ हलवायचो, 'पानी', 'बंदूक', 'छत्तीस', आणि तो खणखणीत तेच म्हणायचा. बाहेर आल्यावर माझ्या पाठीत गुद्दा घालायचा, "उस्ताद, तुह्या थोबाडावर माही नोकरी चालू हाय बे!"

निवृत्तीच्या तपासणीतही मी ओठ हलवले. त्याला पहारेकऱ्याची नोकरी हवी होती आणि 'पूर्ण तंदुरुस्त' हा शेरा लागत होता. तो मिळाला. त्याच शेऱ्याने पुढे त्याला गाडलं.

काही वर्षांत त्याचं ऐकणं पार गेलं. त्याने अपंगत्वाच्या पेन्शनसाठी अर्ज केला. नियम तसा जवानाच्या बाजूचा आहे. भरतीच्या वेळी धडधाकट असलेला माणूस नोकरीत अधू झाला, तर कारण नोकरीच धरायचं आणि शंकेचा फायदा त्याला द्यायचा. पण अधूपण नोकरीतच आलं, हे दिसावं लागतं. उत्तर आलं : निवृत्तीच्या वेळी दोन्ही कान चांगले होते, बहिरेपण नंतरचं आहे, सेवेशी संबंध नाही. पहिलं अपील केलं, तेच उत्तर. दुसरं केलं, तेच. यात बरीच वर्षं गेली.

गावाने त्या उत्तराचा वेगळा अर्थ काढला. तोफेने नाही, म्हणजे रक्तातूनच आलं. मग त्याचा एक चुलता म्हातारपणी ऐकत नव्हता, हेही लोकांना आठवलं. साखरखेर्ड्याचे पाहुणे त्याच्या नातीला पाहायला आले. पोहे खाल्ले, म्हाताऱ्याला मागून दोनदा हाक मारून पाहिली, एकमेकांकडे पाहिलं आणि गेले. त्यांचा निरोप आला नाही. डोणगावच्या पाहुण्यांनी तर तोंडावरच विचारलं, बहिरेपण घराण्यातलं आहे का.

त्याची बायको माझ्या उंबऱ्याशी येऊन बसली. "भाऊजी, तुमी एका तोफीवर व्हते. ह्यायचे कान तोफीनंच गेले ना? मंग सांगा ना कुठीतरी. घराण्याले बट्टा लागून राह्यला. पोरीचं काऊन वाटोळं करता?"

"सांगतो वहिनी," मी म्हणालो.

शेवटचा रस्ता लष्करी न्यायाधिकरणाचा होता. वकील स्वतः फौजेतून निवृत्त झालेले. ते गावात आले आणि त्याच्याच ओसरीवर माझ्यासमोर बसले. "हवालदारसाहेब, कागदावर यांचे कान दरवर्षी चांगले आहेत. ते चांगले का दिसले, हे शपथेवर सांगणारा माणूस मिळाला तरच अपील उभं राहील. आहे का असा कोणी?"

माझ्या दोस्तालाही सगळं ठाऊक होतं. पण आपल्या तोफेचा माणूस पाडायचा नाही ही रीत तो अजून पाळत होता. वकिलांना त्याने माझं नाव सांगितलं नव्हतं. आमच्या मध्ये बसून तो माझ्या ओठांकडे पाहत होता. माझ्या डोक्यात माझी पेन्शन आली, चौकशी आली, आणि भरतीची तयारी करणारा माझा नातू आला.

"गोळे फार उडायचे," मी म्हणालो. "बाकी मले आठवत नाही."

माझे ओठ वाचून, जुन्या सवयीने, तो मोठ्याने म्हणाला, "बाकी मले आठवत नाही." वकिलांनी ते लिहून घेतलं आणि खाली माझी सही घेतली.

अपील फेटाळलं गेलं. साक्षीदार सेवेत असतानाच्या कानांच्या तक्रारीबद्दल काही सांगत नाही, असं निकालात होतं. पुढे होतं, त्याच तोफेवरच्या साक्षीदाराचे स्वतःचे कान शाबूत आहेत.

तेव्हापासून शाबूत कानांनी मी एकच गोष्ट ऐकत असे. तो सकाळी डांबरी रस्त्याच्या कडेने शेतात जायचा. मागून ट्रक यायचे, हॉर्न वाजवायचे, तो वळायचा नाही. हॉर्न लांबला की माझ्या हातातला कप थांबायचा. गाडी पुढे गेल्याचा आवाज आला की घोट घ्यायचो. यंदा दिवाळीनंतर एका सकाळी हॉर्न लांबला, आणि पुढे गाडी गेल्याचा आवाज आला नाही. ड्रायव्हर लोकांना पुन्हा पुन्हा सांगत होता, "अहो, मी हॉर्न देतच होतो."

त्याआधी, दसऱ्याला, मी सोनं द्यायला त्याच्या घरी गेलो होतो. त्याची नात दारात उभी होती. आपट्याचं पान त्याच्या हातावर ठेवलं आणि त्याच्यासमोर तसाच उभा राहिलो. एकदा ओठ हलवायचे, एवढंच काम होतं. पण तो माझं बोलणं मोठ्याने परत म्हणणार, पोर ऐकणार. मी ओठ मिटून घेतले. त्याने जरा वाट पाहिली. मग पान खिशात ठेवून तो गोठ्याकडे वळला, गाईचा दोर सोडायला लागला. त्याची पाठ माझ्याकडे होती. त्याच्यासमोर ओठ हलवणारं कोणी नव्हतं.

तेव्हा मी कुजबुजलो, "माफ कर बे. म्या सांगाले पायजे व्हतं."

त्याने ते परत म्हटलं नाही.