शेजारच्या ट्रॅक्टरला दिलेला होकार

टोकियोतला ओजिमाचा फ्लॅट सोडून आम्ही डोंगरातल्या एका गावी राहायला गेलो, कारण नवऱ्याला घरून काम करायची मुभा मिळाली आणि पाठोपाठ निसर्गाची ओढ लागली. निसर्ग डिसेंबरात दारात आला आणि तिथेच बसला.

गॅरेजपासून रस्त्यापर्यंतची वाट लांब होती. फावडं एकच होतं. शेजारच्या आजोबांकडे मात्र ट्रॅक्टर होता आणि त्याच्या मागे आडवं लोखंडी पातं. पहिल्या बर्फाच्या सकाळी त्यांनी विचारलं, "तुमचीही वाट काढून देऊ?"

नवरा कमरेत वाकून म्हणाला, "दाइजोबु!" म्हणजे, चालेल की.

आजोबाही वाकले आणि आमच्या हद्दीवरून ट्रॅक्टर वळवून घरी गेले. पुढे रोज हेच. ते विचारायचे, हा वाकायचा, ते जायचे, आणि हा फावडं उचलायचा.

"करायचं नाही तर विचारतात कशाला?"

"अगं, इथे असंच असतं. संस्कृती कळायला वेळ लागतो." जपानीची परीक्षा पास झाल्यापासून संस्कृती त्याच्या ताब्यात होती.

मग माझ्या मुलाखतीचा दिवस उजाडला. खालच्या गावातल्या हॉटेलात रिसेप्शनची जागा होती. लग्नानंतरची माझी पहिली नोकरी. वाटेत गुडघाभर बर्फ, गाडी गॅरेजमध्ये, आणि बस त्या रस्त्याने येत नसे.

आजोबांनी विचारलं. नवरा वाकू लागला. मी त्याच्या पुढे जाऊन म्हटलं, "हो, काढा! कृपा करून काढाच!"

आजोबा दचकले. मग ट्रॅक्टर उलटा घालत गॅरेजच्या दारापर्यंत आले, पातं खाली टेकवलं आणि बर्फ ओढत बाहेर नेला. दोन-चार खेपांत खालची खडी दिसू लागली.

"तुमचे मिस्टर तर रोज नको म्हणायचे," ते मला म्हणाले.

"नको कुठे?" नवरा म्हणाला. "मी दाइजोबु म्हणायचो!"

"तेच ना. देऊ का विचारल्यावर दाइजोबु म्हणजे, राहू दे, माझं भागतंय. मला वाटलं, तुम्हाला व्यायाम हवाय."

नवऱ्याने ही माहिती उभ्यानेच पचवली. मी गाडी काढली.

हॉटेलात वेळेवर पोचले. मुलाखत घेणारे मॅनेजर त्यांच्या घरी बर्फात अडकले होते. तोवर एक ऑस्ट्रेलियन कुटुंब काउंटरवर येऊन इंग्रजीत गरम पाण्याची तक्रार करू लागलं. दुसरं कोणी पुढे होईना, म्हणून मी कोट काढला आणि काउंटरच्या आत गेले. मॅनेजर दुपारी पोचले, तेव्हा त्यांनी मला गणवेशाचं माप विचारलं.