प्रतिनिधीनं खाल्लेल्या शिव्या

कतारमधल्या अल खोरच्या आमच्या घरात शुक्रवारी चहाआधी कोल्हापूरचा पेपर उघडायचा. फोनवरच, पण चवीनं. तिकडची दोन कॉलेजं, एक नदीकाठचं, एक टेकडीवरचं. त्यांची फुटबॉलची मॅच म्हणजे गावाचे उभे दोन तट. आणि इथं कंपनीच्या बसमधून रोज मांडीला मांडी लावून जाणारे नवऱ्याचे दोन मित्र त्या बातमीवरून माझ्याच सोफ्यावर भांडायचे.

"नदीवाल्यांचा एवढा मोठा फोटो, आणि आमचा गोल दोन ओळीत! विकला गेलाय हा प्रतिनिधी!" हा टेकडीवाला.

"जा रं! ढळढळीत ऑफसाइड होतास तू. गोल लिहिला हेच उपकार समज!" हा नदीवाला, जणू टेकडीवाला स्वतःच मैदानात होता.

शेवटी दोघांचं एकमत एवढंच, की प्रतिनिधीचे डोळे फुटलेत.

तो प्रतिनिधी म्हणजे माझे वडील. बातमीवर नाव नसायचं, आणि माझं आडनाव लग्नानं बदललेलं. कुणाला सांगायचं नाही, ही बाबांची सक्त ताकीद. ओळख निघाली की लोक मोकळेपणानं बोलत नाहीत, म्हणायचे. मी स्वयंपाकघरात पोहे परतत ऐकायचे. तळपायाची आग मस्तकात जायची. नवरा डोळ्यांनीच गप्प बसवायचा. संध्याकाळी बाबांचा फोन यायचा, "काय म्हणतात गं तिथली मंडळी?"

"छान म्हणतात," मी सांगायचे.

वर्ल्ड कप जवळ आला तसं बाहेर सगळंच बदलायला लागलं. कालचा वळणरस्ता आज बंद, क्रेन, धूळ, आणि जिकडंतिकडं फुटबॉल. त्या वर्षी कॉलेजांच्या फायनलच्या दुसऱ्या दिवशी पेपर उघडला, तर खेळाचं अख्खं पान आमच्याच दारातल्या स्टेडियमनं भरलेलं. मॅचची एक ओळ नाही. पानं मागंपुढं सरकवून डोळे दुखले. बाबांना फोन लावला.

"जागा नाही म्हणाले," बाबा म्हणाले. "यापुढं पाठवू नका म्हणाले."

आई गेल्यापासून या माणसाला त्या मैदानाशिवाय घराबाहेर पडायला दुसरं कारण नव्हतं. आता तेही गेलं. पुढचे दिवस माझा जीव थाऱ्यावर नव्हता. या खोलीतून त्या खोलीत, एसी चालू कर, बंद कर. पोळ्या करपल्या. फोन केला की बाबा म्हणायचे, "बरंय सगळं," आणि ठेवून द्यायचे.

शुक्रवारी दोघं आले ते पेटलेलेच. "बातमीच नाही? झोपला होता काय हा प्रतिनिधी?"

माझा बांध फुटला. "इतकी वर्षं माझ्या सोफ्यावर बसून शिव्या घालताय ना? मग त्याच लिहून संपादकाला पाठवा. यल्ला, चला, आत्ताच्या आत्ता! नाहीतर पोहे खलास!"

"आता वहिनींना काय झालं?" टेकडीवाला पुटपुटला, पण फोन काढून टाइप करायला लागला. मग दुखानपासून वेस्ट बेपर्यंत, कतारभरच्या सगळ्या कोल्हापूरकरांच्या ग्रुपवर आवाहन फिरलं. मीही एक मेल लिहिला. खाली नुसतं 'एक वाचक'.

बरेच दिवस काही नाही. मग एका दुपारी बाबांचाच फोन, आणि आवाज खणखणीत.

"अगं, कतारहून ढिगानं मेल आलेत! वाचकांच्या मतांना अर्धं पान दिलंय, आणि निवडायला मलाच बसवलंय. एकजण म्हणतो प्रतिनिधीला चष्मा घेऊन द्या. घेतलं. दुसरा म्हणतो, ऑफसाइड कशाशी खातात हे त्याला ठाऊक नाही. तेही घेतलं, नुसतं शुद्धलेखन सुधारलं." किती महिन्यांनी हसत होते! "पुढच्या वर्षीची मॅच मीच लिहायचीय. एवढे भांडणारे आहेत तर जागा देतो म्हणाले."

मला रडू आवरेना. "बाबा, सगळी मतं छापताय?"

"एक काढून टाकलं."

"कुठलं?"

"कुणा वाचकाचं. लिहिलंय, बायको दवाखान्यात शेवटच्या घटका मोजत असतानाही या माणसानं बातमी वेळेवर दिली. कतारातल्या कुठल्या वाचकाला हे ठाऊक गं?"

मी उगाचच एसी बंद केला, परत चालू केला.

"त्यात मॅच नव्हती, बाळा," ते म्हणाले. "म्हणून काढलं."