वहिनीचा सूड

भाऊ, हे पत्र मायलाही वाचून दाखव.

मी आमगाव स्टेशनावर नागपूरच्या गाडीत चढले, तेव्हा माय रडली नव्हती. "जाऊन राहिली त जा. पण त्या डॉक्टरले इसरू नोको," एवढंच म्हणाली. तू तर कुऱ्हाड घेऊन त्याच्या दारात जाणार होतास. मीच अडवलं.

त्याच्या दवाखान्यात मी दाई होते. बाळंतपणानंतर तिसऱ्या दिवशी वहिनीला हुडहुडी भरली. मी सांगायला गेले, तर सगळ्यांसमोर तो ओरडला, "डॉक्टर कोण? तू का मी?" हत्यारं उकळलेली नव्हती, हे कंपाउंडरला ठाऊक होतं, झाडणारीलाही ठाऊक होतं. कोणीच तोंड उघडलं नाही. वहिनी गेली.

नागपुरात नर्स झाले, पुढं एका लहान प्रसूतिगृहाची मेट्रन. पहिल्याच दिवसापासून सकाळी सगळ्यांना बसवून विचारायची, काल काय चुकलं? महिनाभर सगळे गप्प. मग एकदा बुधिया झाडूवाली उठली. "बाई, कैंची बिना उबाले धर लेस."

न उकळलेली कैची मीच उचलली होती. कानशिलं तापली. तिला हाकलून द्यावंसं वाटलं, खरं सांगते. त्या क्षणी मी तोच डॉक्टर होते. कशीबशी म्हणाले, "चूक माझी." त्यानंतर सगळ्यांची तोंडं उघडली.

आणि एक दिवस तो डॉक्टर आला, पेन्शनीत निघालेला, बाळंतपणाला आणलेली लेक घेऊन. मूल झाल्यावर चादर बदलताना बुधिया धावत आली, "बाई, लहू थमत नइ हे!" तो गुरकावला, "झाडूवालीला काय कळतं?" मी त्याला बाहेर काढलं, रक्त थांबवलं. लेक वाचली.

व्हरांड्यात मी त्याला वहिनीचं नाव सांगितलं. त्याला आठवलंच नाही. मी म्हणाले, "उद्या सकाळी सात वाजता या. बुधियानं लेक वाचवली, सगळ्यांसमोर तिचे पाय धरायचे." त्यानं धरले. बुधिया संकोचून मागं सरकली, मी मात्र डोळे भरून पाहिलं. काळीज थंड झालं, भाऊ. खोटं कायले बोलू?

कुऱ्हाडीनं तो एकदाच मेला असता.

तू बोलावतोस, पण वहिनीशिवायच्या त्या अंगणात माझा पाय टिकत नाही. इथं झाडणारी बाई मला तोंडावर "चुकलीस" म्हणते. आता हेच माझं घर. मायला सांग, मी इसरली नाही.