बिट्टीचं माहेर

मी मेक्सिकोला निघालो त्या सकाळी पेठ वडगावच्या आमच्या परसदारी आई पिवळ्या कण्हेरीखाली वाकून बिट्ट्या, म्हणजे तिच्या टणक बिया, वेचत होती. गाडी दारात उभी, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, आणि हिचं आपलं निवांत चाललेलं. चार वाळक्या बिट्ट्या तिनं माझ्या मोज्यात कोंबल्या. "तिकडं ही कुठली घावायला? लाव जाऊन. महादेवाला एक फूल तरी वाहा." आमच्या घरी रोज सकाळी इष्टलिंगाच्या पूजेला हेच फूल लागतं. वडील गेल्यापासून ती पूजा आई एकटीच करायची. "दोन वर्षांत परत येतो," मी म्हणालो. घर सोडताना तुम्हीही असंच काहीतरी म्हणाला असाल.

परदेशात बी नेऊ देत नाहीत, हे ठाऊक होतं. पण आईनं मोज्यात घातलेलं काढून टाकायची माझी छाती नव्हती. कोल्हापूरच्या फाउंड्रीत कास्टिंग तपासणारा मी, तिकडच्या मोटारींच्या कारखान्यात तेच करू लागलो. बिट्टीचं कवच महाकठीण. कानशीनं एक कड घासली, कोमट पाण्यात दिवसभर भिजवली, तेव्हा कुठं चारांतली एक उगवली. लांब, अरुंद, चकचकीत पानं. थंडीत कुंडी आत आणायची, ऊन आलं की पुन्हा बाल्कनीत. तिसऱ्या वर्षी पहिलं फूल आलं. व्हिडिओ कॉलवर आईनं त्याला हात जोडले. दोन वर्षांची मुदत उलटून गेली होती, पण ती त्यावर बोलली नाही आणि मीही विषय काढला नाही.

मग एका रविवारी तिथल्याच गावच्या चौकात पारंपरिक नाच बघायला गेलो. नाचणाऱ्यांच्या पायांत चाळ होते आणि त्या चाळांत ओवलेल्या होत्या बिट्ट्या! मी डोळे चोळून पुन्हा बघितलं. त्याच बिट्ट्या, ज्यांनी आम्ही शाळेच्या पायरीवर खेळायचो. मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये विचारलं तर एका म्हाताऱ्या बाईनं मला चौकामागच्या कुंपणाशी नेलं. तिथं डोक्याहून उंच पिवळी कण्हेर फुललेली. बाईनं पान मोडलं, पांढरा चीक आला. "इथलंच झाड आहे, आमच्या पणजीच्याही आधीचं," ती म्हणाली. "पोरांना फळ तोंडात घालू देऊ नका, विषारी असतं." आई अगदी हेच ओरडायची. फोनवर शोधलं तर तिथंही तेच, मूळ मेक्सिकोकडचं, जहाजांतून आपल्याकडं आलेलं. आणि मी शहाणा, तिच्याच मुलखात तिला बाल्कनीत थंडीपासून जपत होतो.

गेल्या महिन्यात सुट्टीला एकटाच वडगावला गेलो. सकाळी आई फुलं तोडत होती, तेव्हा मोठ्या फुशारकीनं तिला हे सांगितलं. तिचा हात तसाच फांदीवर राहिला.

"काय बोलतोस? ही आपली न्हाय?"

"न्हाय, आई. तिकडची हाय."

ती धुण्याच्या दगडावर बसली. मला हसू येत होतं.

"मग परत न्हाय गेली व्हय कधी?"

"झाड कसं जाईल, आई?"

"तेच की. हितं फुलली म्हणल्यावर कशाला जाईल?" तिनं परडीतली फुलं सारखी केली आणि माझ्याकडं न बघता विचारलं, "तिकडं घर घेतलंस व्हय रं?"

घर घेऊन चार महिने झाले होते आणि ते बायकोशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं, सख्ख्या बहिणीलासुद्धा मी सांगितलं नव्हतं.

"व्हय," मी म्हणालो.

"किती खोल्यांचं?"

"तीन."

"एक माझी म्हण की."

"तुझीच हाय," मी म्हणालो. आई उठली आणि पूजेला आत गेली.

ती येणार नाही, हे तिलाही माहीत आहे आणि मलाही. नव्या घरात बायकोनं एका खोलीत माझं टेबल मांडलं होतं, ते मी मेक्सिकोला परतलो त्याच दिवशी बाहेर काढलं. आता तिथं काहीच नाही. कुणी विचारलं की तुमचं घर कुठं, तर मला आधी ती रिकामी खोली आठवते.