वाशिमला निघालेली पिशवी

कुरुंद्याला जायचं ठरलं ते गुरुजींच्या कानाच्या मशीनमुळे. मला संस्कृत शिकवणारे हे गुरुजी तिथेच राहतात, आता पंच्याऐंशीचे आहेत. मशीन दुरुस्तीला पुण्यात माझ्याकडे आलं आणि दोन महिने त्यांनी शिकवणी बंद ठेवली. मुलांची चूक ऐकू येत नसेल, तर शिकवायचं कशाला, हे त्यांचं म्हणणं.

हिंगोलीला सकाळच्या रेल्वेनं उतरलात, तर नाश्ता एसटी स्टँडवरच उरका. पोहे झणझणीत, चहा दहा रुपये. कुरुंद्याला वसमतची गाडी घ्यायची; ती औंढा, शिरड शहापूर करत जाते. गाडी लागली की खिडकीतून रुमाल टाकायचा, सीट आपली. मी मशीनसकट पिशवीच टाकली आणि चहाला गेलो. सातही विभक्त्या झोपेत चालवणाऱ्या माणसाने गाडीची पाटी वाचली नव्हती.

"सर, ती पिशवी तुमचीच ना?" चहावाल्या ताई म्हणाल्या. "वाशिमला चालली ती."

मी धावेपर्यंत गाडी रस्त्याला लागली होती. ताईंनी गॅस बंद केला आणि मला वाहतूक नियंत्रकांच्या खिडकीशी नेलं. "साहेब, या मास्तरांनी पिशवी एकटीच गावाला धाडली."

आत काय आहे ते ऐकून नियंत्रकांनी हातातला घास डब्यात ठेवला आणि फोन लावला. पलीकडून कंडक्टरबाईंचा आवाज खिडकीबाहेर येत होता.

"हाय इथंच, सीटवर. मालक मागं असंल म्हून कोणी बसलं न्हाई. एक आजी उभ्या हायेत कवाच्या."

"आजीला बसवा आधी. पिशवी त्यांच्या मांडीवर द्या. कनेरगाव नाक्यावर समोरच्या गाडीत पाठवा."

दीड तासाने ती गाडी आली. प्रवाशांच्या आधी कंडक्टर उतरला, पिशवी छातीशी धरून. पिशवीचं तोंड दोरीने आवळलं होतं.

"आजीनं बांधलं. पानाच्या चंचीची दोरी काढली त्यांनी. काचंचं हाय का, इचारत होत्या म्हने."

त्या कंडक्टरबाईंना माझे आभार सांगा, म्हणालो.

"काहून?" त्याला खरंच कळलं नव्हतं. "गाडी इकडंच येऊन राहिली होती की."

पुढच्या गाडीत नियंत्रकांनी मला स्वतः बसवलं. पाटीही मोठ्याने वाचून दाखवली. औंढ्याचं नागनाथाचं देऊळ परतीवर ठेवलं. कोरीवकाम पाहायचं असेल, तर तुम्हीही दोन तास हाताशी ठेवा.

कुरुंद्यात अंगणोअंगणी शिजवलेली हळद वाळत होती. गुरुजींनी मशीन कानात बसवलं आणि स्वागत वगैरे न करता म्हणाले, "म्हण."

मी श्लोक सुरू केला. दुसऱ्याच चरणाला हात वर झाला. "थांब. माझं मशीन दोन महिने बंद होतं. तुझं तोंड किती वर्षं?"

संध्याकाळी शिकवणीची मुलं परत आली.

पुण्याला येऊन आठवडा झाला. देवळाचे फोटो अजून फोनमध्येच आहेत. काल गुरुजींचा फोन आला, आता फोनवरचंही ऐकू येतं हे सांगायला. मी पिशवीची हकीकत सांगितली. ते शेवटपर्यंत ऐकत होते.

"त्या आजी कोणत्या गावच्या?"

मी विचारलं नव्हतं.

"दोरी परत पाठवलीस?"

दोरी अजून पिशवीलाच होती.

"ऐकू येतंय ना, गुरुजी?"

"येतंय," ते म्हणाले. "तूच बोलत नाहीस."